विजेची मोटारसायकल आणि गिऱ्हाइकाचे मन

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी नववीच्या वर्गात मी सहज विचारले, "विजेवर चालणारी, धूर न सोडणारी, आवाज न करणारी नवी मोटारसायकल कोणी तयार केली, तर ती कोणाकोणाला हवी?" प्रश्न पुरता होण्याआधीच सगळ्या वर्गाचे हात वर झाले. पाठीमागच्या बाकावरील दोघांनी तर दोन्ही हात वर केले. मग मी दुसरा प्रश्न विचारला, "घरची मोटारसायकल काल किती किलोमीटर चालली, हे कोण सांगेल?" निम्म्याहून अधिक हात खाली आले. शेवटी विचारले, "त्या नव्या गाडीसाठी आज घरातून पाचशे रुपये विसार म्हणून कोण आणून देईल?" आता एकही हात वर नव्हता. तेवढ्यात पुढच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्याकडे गाडी बाबा चालवतात, पण पेट्रोलचे पैसे आईच्या कापूसवेचणीच्या मजुरीतून जातात. मग तुम्ही विचारणार कोणाला?"

या एका तासात जे घडले, तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. एखादी वस्तू लोकांना आवडेल की नाही, आवडली तर ते ती विकत घेतील की नाही, हे ती वस्तू तयार होण्यापूर्वी कसे ओळखावे? कौतुकाचा होकार आणि खरेदीचा होकार यांत अंतर किती? आणि विचारायचे तर नेमके कोणाला?

मोटारसायकल ही काही मडक्यासारखी वस्तू नव्हे, की एक घडवून पाहिले, नाही पसंत पडले, तर दुसरे घडवले. तिची रचना आखणे, सुटे भाग पाडण्यासाठी साचे करणे, प्रयोगादाखल काही गाड्या तयार करून त्या हजारो किलोमीटर चालवून पाहणे, सरकारमान्य संस्थेकडून तिची कसोटी करून घेणे, या सर्व गोष्टींना वर्षे लागतात आणि कोट्यवधी रुपये लागतात. अशी कसोटी घेणारी एक मोठी संस्था आपल्या पुण्यातच आहे. 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' या नावाने ती १९६६ साली स्थापन झाली. एवढा खर्च झाल्यावर 'लोकांना बॅटरी लहान वाटते' किंवा 'आसन दोघांना पुरत नाही' असे कळून उपयोग काय? साचे एकदा पडले, की मागे फिरणे महाग पडते. म्हणून शहाणा कारखानदार आधी विचारतो आणि मग घडवतो.

असे विचारण्याची गरज आपल्या देशात एके काळी फारशी भासत नव्हती. पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज कारखान्याने १९७२ साली महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिलेली 'चेतक' स्कूटर बाजारात आणली. त्या काळी किती गाड्या तयार करावयाच्या, हे सरकारी परवान्यावर ठरत असे. गाड्या थोड्या आणि मागणारे फार, त्यामुळे स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक कित्येक वर्षे वाट पाहत. ज्याच्या दाराशी अशी रांग लागलेली आहे, त्याने गिऱ्हाइकाचे मन कशाला चाचपावे? १९९१ नंतर परवान्यांचे राज्य सैल झाले, देशी-विदेशी कंपन्यांची स्पर्धा वाढली आणि रांग उलटी फिरली. आता कारखानदार गिऱ्हाइकाच्या दाराशी उभा राहू लागला.

त्याच १९७२ साली आलेल्या दुसऱ्या एका गाडीची आठवण येथे करणे योग्य होईल. पुण्याच्या फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक कंपनीने 'लूना' ही ५० घनसेंटिमीटर इंजिनाची लहानशी मोपेड काढली. स्कूटर परवडत नाही आणि सायकल पुरत नाही, अशा मधल्या माणसाची अडचण तिने ओळखली. कारकून, शिक्षक, दूधवाले आणि कॉलेजला जाणाऱ्या मुली यांच्या हाती ती लवकरच दिसू लागली. हीच लूना २०२४ च्या फेब्रुवारीत विजेच्या रूपात पुन्हा आली, तेव्हा तिची आरंभीची किंमत ६९,९९० रुपये होती. गिऱ्हाईक म्हणजे केवळ पैसेवाला माणूस नव्हे. ज्याची अडचण अजून कोणी सोडवली नाही, असा माणूस म्हणजे गिऱ्हाईक, हा धडा लूनेने दिला.

विजेच्या मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र केवळ आवडीचा प्रश्न नसतो. तेथे भीतीचाही प्रश्न असतो, आणि ती भीती निराधार नसते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा साठलेली असते. दहा लिटरची टाकी भरली, तर सुमारे ९० युनिट ऊर्जा आपण साडेसात किलो वजनात घेऊन निघतो. उलट, चार युनिट साठवणारी बॅटरीच पंचवीस-तीस किलो भरते. हे खरे, की पेट्रोलच्या इंजिनात तीन-चतुर्थांशाच्या आसपास ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि विजेची मोटर मात्र बहुतांश ऊर्जेचे गतीत रूपांतर करते. म्हणूनच चार युनिटांत शंभर किलोमीटरांच्या आसपास जाता येते. तरीही साठा थोडा तो थोडाच. पेट्रोल दोन मिनिटांत भरता येते. बॅटरी घरच्या खटक्यावर भरण्यास कित्येक तास लागतात. तेव्हा दुचाकीस्वाराच्या मनात तीन शंका उभ्या राहतात: वाटेत बॅटरी संपली तर काय? ती भरायची कोठे? आणि एवढे पैसे घालून ती टिकेल किती वर्षे? या शंकांचे वजन किती, हे जोखल्यावाचून नवी गाडी आखणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

आता मन जोखण्याच्या रीती पाहू. पहिली रीत म्हणजे सरळ प्रश्न विचारणे. ही सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी. वर्गात मी विचारलेला पहिला प्रश्न आठवा. 'धूर न सोडणारी, आवाज न करणारी' अशी विशेषणे मी प्रश्नातच घातली होती आणि किमतीचा उच्चारही केला नव्हता. असा प्रश्न म्हणजे उत्तर तोंडात घालणेच. त्यातून आपला स्वभाव असा, की समोरच्याचे मन मोडू नये म्हणून आपण 'हो' म्हणून टाकतो. म्हणून जाणकार पाहणीकार 'तुम्ही काय कराल?' असे न विचारता 'तुम्ही काल काय केले?' असे विचारतो. भविष्याविषयी माणूस उदार असतो. भूतकाळाविषयी त्याला थोडेफार खरे बोलावे लागते.

दुसरा प्रश्न, विचारायचे कोणाला? या बाबतीत अमेरिकेतील १९३६ सालची एक घटना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या नियतकालिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांवरून लँडन निवडून येणार, असे त्याने छापले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने विजयी झाले. लँडन यांना केवळ दोन राज्ये मिळाली. चूक कोठे झाली? पत्ते घेतले होते ते मुख्यत्वे दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात असे लोक सुस्थितीतले होते. गरीब मतदार त्या यादीत जवळजवळ नव्हताच. शिवाय ज्यांना उत्तर पाठवण्याची हौस होती, त्यांचीच उत्तरे आली. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी त्यामानाने फार थोड्या, परंतु निरनिराळ्या थरांतून निवडलेल्या लोकांना विचारून विजेता बरोबर ओळखला. भाताचे शीत तपासून भात शिजला की नाही ते कळते, हे खरे; पण त्यासाठी भांडे आधी ढवळलेले असले पाहिजे. वरवरचेच शीत घेतले, तर तळचा भात करपला तरी कळायचे नाही.

आपल्याकडेही या शास्त्राची परंपरा जुनी आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कलकत्त्यास 'इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट' स्थापन केली आणि नमुना पाहणीचे तंत्र या देशात रुजवले. १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी त्याच प्रयत्नांचे फळ होय. महाराष्ट्रात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीची पाहणी करून ती १९३५ साली प्रसिद्ध केली. खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर धावणाऱ्या वाहनांचा असा बारकाईने अभ्यास त्या काळी झाला होता, ही गोष्ट आज मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

तिसरी रीत म्हणजे वस्तू दाखवणे आणि हाताळू देणे. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीने २०१४ साली आपली विजेची मोटारसायकल 'लाइव्हवायर' विकायला नव्हे, तर केवळ चालवून पाहायला लोकांपुढे आणली. प्रयोगादाखल केलेल्या गाड्या घेऊन कंपनीची माणसे गावोगावच्या विक्रेत्यांकडे फिरली. स्वारांनी त्या चालवल्या आणि आपली मते सांगितली. त्या प्राथमिक गाडीचा पल्ला सुमारे ८५ किलोमीटरच होता. २०१९ साली गाडी प्रत्यक्ष विक्रीस आली, तेव्हा तिचा शहरातील पल्ला सुमारे २३५ किलोमीटरांपर्यंत वाढलेला होता. परंतु किंमत होती २९,७९९ डॉलर! गाडी चालवून खूष झालेले सर्वजण ती विकत घेणारे नव्हते, आणि तिचा खप बेताचाच राहिला. पुढे २०२१ साली 'लाइव्हवायर' हे स्वतंत्र नाव करून कंपनीने तीच गाडी २१,९९९ डॉलर किमतीस आणली. चालवून पाहणाऱ्याला वेग कळतो, आसन कळते, पकड कळते. पण खिशाचा प्रश्न त्या दहा मिनिटांच्या फेरीत विचारला जात नाही.

म्हणून चौथी रीत निघाली, ती विसार घेण्याची. थोडे पैसे आगाऊ घ्यावेत आणि किती लोक देतात ते मोजावे. बजाजने २०१९ च्या ऑक्टोबरात विजेची चेतक स्कूटर प्रदर्शित केली आणि २०२० च्या जानेवारीत दोन हजार रुपये घेऊन नोंदणी सुरू केली. तीही आरंभी पुणे आणि बंगळूर या दोनच शहरांत. २०२१ च्या एप्रिलात पुन्हा उघडलेली नोंदणी मागणी फार झाल्यामुळे ४८ तासांत बंद करावी लागली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ओला कंपनीने आपल्या विजेच्या स्कूटरसाठी ४९९ रुपयांत नोंदणी सुरू केली आणि पहिल्या २४ तासांत एक लाख नोंदण्या झाल्याचे जाहीर केले. हात वर करण्यापेक्षा ४९९ रुपये देणे निश्चितच अधिक बोलके आहे. परंतु परत मिळणारे ४९९ रुपये म्हणजे लाखभर रुपये नव्हेत. विसाराची रक्कम जितकी लहान, तितका त्यातील होकार हलका, हे सूत्र मनात ठेवावे.

या सर्व रीतींची कसोटी लागलेले आपल्याजवळचे उदाहरण म्हणजे पुण्याच्या टॉर्क मोटर्सचे. कपिल शेळके या तरुणाने हा उद्योग उभा केला. २००९ साली आयल ऑफ मॅन बेटावर विजेच्या मोटारसायकलींची पहिली शर्यत झाली, तीत ही पुण्याची मंडळी आपली गाडी घेऊन उतरली होती. २०१६ च्या सप्टेंबरात त्यांनी 'टी-सिक्स-एक्स' नावाची मोटारसायकल लोकांसमोर मांडली. ताशी १०० किलोमीटर वेग, १०० किलोमीटर पल्ला आणि सव्वा लाखाच्या आसपास किंमत, असे तिचे वर्णन होते. उत्सुकता मोठी निर्माण झाली. परंतु गाडी हाती यायला वेळ लागला. अनेक फेरबदल होऊन 'क्रेटॉस' या नावाने ती २०२२ च्या जानेवारीत विक्रीस निघाली. ९९९ रुपयांत नोंदणी ठेवली होती. बॅटरी चार युनिटांची. ठराविक चाचणीतील पल्ला १८० किलोमीटर आणि कंपनीने स्वतःच सांगितलेला प्रत्यक्ष रस्त्यावरचा पल्ला १२० किलोमीटर. कागदावरचा आणि रस्त्यावरचा असे दोन आकडे वेगवेगळे सांगितले, हे चांगलेच झाले. गिऱ्हाइकाला खरे सांगितले, तरच गिऱ्हाईक खरे उत्तर देतो.

या गाडीच्या किमतीतही एक धडा आहे. सरकारी सवलती न धरता तिची किंमत १ लाख ९२ हजारांच्या घरात होती; केंद्राची व महाराष्ट्राची सवलत वजा जाता पुण्यात ती सुमारे १ लाख २ हजार रुपयांना पडे. गाडी तीच, पण दोन किमतींना दोन वेगवेगळी उत्तरे येणार, हे उघड आहे. केंद्र सरकारची सवलत २०२१ च्या जूनपासून दर युनिटामागे १५,००० रुपये होती. म्हणजे चार युनिटांच्या बॅटरीस ६०,००० रुपये. १ जून २०२३ पासून ती युनिटामागे १०,००० रुपयांवर आली आणि गाडीच्या किमतीच्या १५ टक्क्यांहून अधिक मिळू नये, अशी मर्यादाही पडली. पुढच्या योजनेत ती आणखी घटली. म्हणून पाहणी केव्हा केली आणि कोणती किंमत सांगून केली, हे कळल्यावाचून 'इतके टक्के लोक उत्सुक आहेत' या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

आता आपल्या बेज्जूरकडे वळू. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले आणि २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेले आपले गाव राज्याच्या अगदी कडेला आहे. पलीकडे प्राणहिता, आणि तिच्या पैलतीरी गडचिरोली. रेल्वे गाठायची तर कागजनगरला जावे लागते. अशा रानातल्या मुलखात मोटारसायकल ही हौस नसून घरातले एक कर्ते माणूसच आहे. तिच्यावर बियाण्याची पोती जातात, आजारी माणूस दवाखान्यात जातो, बाळंतीण माहेरी येते, परीक्षेला उशीर झालेला मुलगा शाळेत पोचतो. आणि तरीही, नव्या गाडीविषयी पाहणी होते ती बहुधा मोठ्या शहरांत आणि तीही मोबाइलवरून प्रश्न पाठवून. ज्याला कोणी विचारले नाही, त्याच्यासाठी गाडी घडत नाही. मग सपाट डांबरी रस्त्यासाठी आखलेली, एकट्या माणसाच्या वजनावर पल्ला मोजलेली गाडी आपल्या बाजारात येते आणि 'खेड्यातल्या लोकांना नव्याची आवड नाही' असा ठपका उलट आपल्यावरच येतो. लिटररी डायजेस्टच्या यादीत नसलेल्या त्या गरीब मतदारासारखी आपली गत होते.

हिशेब मांडून पाहा. समजा, एका घरची मोटारसायकल दिवसाला ४० किलोमीटर चालते आणि लिटरमागे ५० किलोमीटर जाते. पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर धरले, तर दिवसाचा खर्च ८० रुपये. विजेच्या गाडीला तेवढ्याच अंतरास, भरतानाची गळती धरून, दोन युनिट लागतील. युनिट ६ रुपये धरल्यास खर्च १२ रुपये. रोज ६८ रुपये वाचले, तर वर्षाच्या ३०० दिवसांत २०,४०० रुपये वाचतील. विजेची गाडी ४०,००० रुपयांनी महाग असली, तरी दोन वर्षांत अधिकची किंमत भरून निघेल. परंतु ज्याची गाडी दिवसाला केवळ १० किलोमीटर चालते, त्याला तोच पैसा निघायला जवळजवळ आठ वर्षे लागतील आणि तोपर्यंत बॅटरी उतरणीला लागलेली असेल. म्हणजे एकाच गावात, एकाच आळीत, एकाचा 'हो' शहाणपणाचा आणि शेजाऱ्याचा 'नाही'ही तितकाच शहाणपणाचा असू शकतो.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटीत तुम्ही एक लहानशी पाहणी करावी, अशी माझी सूचना आहे. एका वहीवर आपल्या आळीतील दहा घरे लिहा. ज्यांच्याशी आपली ओळख आहे तेवढीच घरे घेऊ नका. रस्त्याच्या एका टोकापासून आरंभ करून दर तिसरे घर घ्या, म्हणजे भांडे ढवळले जाईल. 'विजेची गाडी आवडेल का?' असे विचारूच नका. काल गाडी किती चालली, हे मीटर पाहून लिहा. तिच्यावर किती माणसे आणि किती ओझे होते? गेल्या महिन्यातील सर्वांत लांबचा प्रवास कोणता? रात्री गाडी कोठे उभी असते आणि तेथे वीज सलग किती तास असते? ओढ्याला पाणी आले, की गाडी कोठून नेता? पेट्रोलला महिन्याला किती लागतात आणि ते पैसे कोण देते? नवी गाडी घेतलीच, तर रोख की हप्त्यांवर? शेवटी, ज्याने 'मला नको' म्हटले, त्याला कारण विचारा आणि ते त्याच्याच शब्दांत उतरून घ्या. तेलुगूत सांगितले तर तेलुगूत, गोंडीत सांगितले तर गोंडीत. नकाराचे कारण हे होकारापेक्षा अधिक मोलाचे असते. कारण गाडी सुधारायची ती नेमकी तेथेच.

आणि एक गोष्ट विसरू नका. गाडी चालवणाऱ्याला विचाराल, तसेच मागे बसणारीलाही विचारा आणि पेट्रोलचे पैसे देणारीलाही विचारा. वर्गातील त्या मुलीच्या प्रश्नाला मी त्या दिवशी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आज देतो: दोघांनाही विचारायचे, आणि तुझ्या आईला आधी.